पाय काय?

प्रिय पाय-काय,

तुझं खरं नाव मला ठाऊक आहे, पण आमच्या घरात तू पहिल्या दिवसापासून 'पाय-काय'च आहेस आणि त्याला कारण मी. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये लेकीचा हॉस्टेलवरून फोन आला. घाईघाईत म्हणाली, "आई, माझी पाय काय खूप छान आहे." मी म्हटलं, "काय झालं पायाला? मुरगळला का?" पलीकडे हसू आवरेना. मग कळलं की पाय आणि काय ही ग्रीक अक्षरं आहेत, आणि सोरॉरिटीच्या, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या संघटनांच्या, भरतीच्या आठवड्यात नव्या मुलींच्या घोळक्याला त्या संघटनांच्या घरोघर घेऊन फिरणाऱ्या मोठ्या मुलीला तुमच्याकडे असं म्हणतात. काही विद्यापीठांत ऱ्हो गॅमा म्हणतात, कुठे गॅमा काय. लेकीच्या विद्यापीठात एक नियम मात्र पक्का. ती स्वतः कुठल्या सोरॉरिटीतली आहे हे शेवटच्या दिवसापर्यंत कुणाला कळता कामा नये.

हे पत्र तुला वाचता येणार नाही. लेक वाचून दाखवेल, अडेल तिथे मला फोन करेल. मराठीत लिहितेय ते माझ्यासारख्या इतर आयांसाठी. इथे अमेरिकेत वीस-पंचवीस वर्षं काढूनही हे प्रकरण काय असतं ते आमच्यातल्या बहुतेकींना माहीत नसतं, आणि विचारावं तर कुणाला?

आज लिहायला बसायचं कारण म्हणजे मे महिन्यात आलेलं एक खोकं. लेकीने कुरियरने पाठवलं. उघडलं तर आत तेवीस टी-शर्ट, दोन टोप्या, एक पाण्याची बाटली, सगळ्यांवर तिच्या सोरॉरिटीची अक्षरं. वर चिठ्ठी: "आई, ऑगस्ट संपेपर्यंत ठेव. इन्स्टाग्रामवरचे फोटोपण काढून टाकलेत." यंदा ती स्वतः पाय काय होणार आहे. ते खोकं मांडीवर घेऊन मी जिन्यात बसले आणि तुझी आठवण आली.

मी मूळची सांगलीची. सोरॉरिटी हा शब्द ऐकला की डोळ्यापुढे सिनेमातल्या गोऱ्या, सोनेरी केसांच्या मुली यायच्या. लेक म्हणाली, "मला रश करायचंय," म्हणजे या भरतीत उतरायचंय, तेव्हा मी रात्र रात्र वाचत बसले. १९०२ साली स्थापन झालेली नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स, तिच्या छत्राखालच्या २६ सोरॉरिटी, हे सगळं वहीत उतरवून काढलं. एवढ्या वाचनात एकच गोष्ट आवडली. सोरॉरिटी हा शब्द १८७४ साली सिरॅक्यूज विद्यापीठात निघालेल्या गॅमा फाय बीटासाठी लॅटिनच्या एका प्राध्यापकांनी सुचवला. लॅटिन 'सोरोर' म्हणजे बहीण. शाळेत पाठ केलेलं 'स्वसा स्वसारौ स्वसारः' आठवलं, तीच ही, आपल्या संस्कृत स्वसेची युरोपातली सख्खी. पण शब्द घरचा निघाला म्हणून भीती गेली नाही. कारण त्याच रात्री हेही वाचलं की अलाबामा विद्यापीठात 'द क्रिमसन व्हाइट' या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने सप्टेंबर २०१३ मध्ये बातमी छापली होती: उत्तम गुणांच्या कृष्णवर्णीय मुलीला सोरॉरिटींनी नाकारलं, आणि निदान एका ठिकाणी तरी आतल्या मुली घ्यायला तयार असताना माजी सदस्य बायकांनी अडवलं. २०१३ म्हणजे काही जुना काळ नव्हे. तेव्हा माझी लेक प्राथमिक शाळेत होती.

मी तिला म्हटलं, मग आपल्या मुलींची सोरॉरिटी बघ ना. कॅपा फाय गॅमा ऑस्टिनला १९९८ साली दक्षिण आशियाई मुलींनीच सुरू केलेली, त्याच वर्षी ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा. तिने तुला विचारलं. तुझं उत्तर तिने मला जसंच्या तसं सांगितलं: "त्यांची भरती वेगळी असते, या आठवड्यात नसते, त्यामुळे ते दार बंद होत नाही. त्यांना जाऊन भेट. पण भेट ती तुला हवी म्हणून, कुणीतरी तुझी जागा तिथे आहे असं म्हणालं म्हणून नको." हे 'कुणीतरी' मीच होते. तुला माहीत नव्हतं. मला लागलं, पण बरोबर लागलं.

बाकीच्या मुलींकडे काय काय होतं! आई सोरॉरिटीतली, आजी सोरॉरिटीतली, ओळखीच्या बायकांनी आधीच लिहून ठेवलेली शिफारसपत्रं, कुठल्या दिवशी कुठला झगा याची उन्हाळाभर चाललेली तालीम. आमच्या लेकीजवळ होती एक वही, आणि आई असून नसल्यासारखी. ती कमी तू कशी भरून काढलीस हे तुला कदाचित कळलंही नसेल, म्हणून लिहिते.

पहिल्याच सभेला तू तुझ्या गटातल्या पंचवीस मुलींना पिशवीत काय हवं ते सांगितलंस. सपाट चपला, पाणी, प्लास्टर, छत्री, खायला काहीतरी. दोन दिवसांत पंधरा घरं, दक्षिणेतलं ऑगस्टचं ऊन, दुपारी हमखास वळीव. आणि प्रत्येक घराच्या दारात एकीवर एक रचल्यासारख्या उभ्या राहून टाळ्या पिटत, पाय आपटत गाणाऱ्या मुली. लेकीने चोरून काढलेला आवाज ऐकवला तर मी म्हटलं, अगं ही तर मंगळागौर! श्रावणच होता. फक्त आपल्याकडे झिम्मा खेळून दमल्यावर फराळ देतात, इथे खेळ संपला की गुण देतात.

बोलण्यात काय टाळायचं तेही तूच सांगितलंस. इंग्रजीतले पाच 'ब': बॉइज, बूझ, बायबल, बॅलट, बक्स. आपल्या पंचमकारांसारखंच. पण त्यातल्या शेवटच्याला तू पुस्ती जोडलीस. गप्पांत पैशाचा विषय नको, पण प्रत्येक घराचं खर्चाचं पत्रक मागून घे, नव्या सदस्याची फी किती, दर सत्राला किती, घरात राहावं लागतं का, जेवण धरून का वेगळं, सगळं वाच आणि आईला पाठव, लाजू नकोस. ते पत्रक आलं. मी आणि नवऱ्याने जेवणाच्या टेबलावर हिशेब मांडला, आणि आकडा नेमका कळल्यामुळे प्रथमच या विषयावर घरात भांडण न होता बोलणं झालं.

तिसऱ्या दिवसाची सकाळ. फोनवर यादी आली. पंधरापैकी चार घरांनी परत बोलावलं होतं. शेजारच्या खोलीतल्या मुलीला दहा.

तिने आधी मला फोन केला. आणि मी काय म्हटलं? "मी तुला सांगितलंच होतं. सोड ते, अभ्यासाकडे बघ." हे लिहिताना आजही हात थांबतो. मी स्वतः कांदेपोह्यांच्या पाच कार्यक्रमांतून गेलेली बाई. 'पत्रिका जुळत नाही' असा निरोप आला की आपल्यात काय खोट आहे ते शोधत आरशापुढे उभी राहिलेली. तिकडे निदान पत्रिकेवर ढकलायची सोय तरी होती, इथे कारणच देत नाहीत. मला कळायला हवं होतं, आणि मी फोन ठेवून कामाला निघून गेले.

तू तिच्या खोलीवर गेलीस. रडू नकोस म्हणाली नाहीस. घड्याळ बघून म्हणालीस, "नऊ वाजेपर्यंत रड. सव्वानऊला निघायचंय." मग तिच्याजवळ जमिनीवर बसून तिला आकड्यांचं गणित सांगितलंस. कुठल्या घराने कितीजणींना परत बोलवायचं ते त्या घराच्या मर्जीवर नसतं, आकडा ठरवून दिलेला असतो. ज्या घराला मुली सहसा नाही म्हणत नाहीत, त्या घराने पहिल्याच फेरीत जास्त मुली सोडायच्या, म्हणजे त्या मुली आठवड्याच्या शेवटी हात हलवत राहण्याऐवजी वेळेवर दुसरीकडे वळतात. काही मिनिटांच्या, आरडाओरड्यात झालेल्या गप्पांवर शेकडो नावं गळतात. "ज्यांनी तुला सोडलं त्यांतल्या अर्ध्याअधिक जणींना तुझं नावही आठवत नसेल," असं तू म्हणालीस. ऐकायला किती कठोर! पण इंजिनियर बापाच्या पोरीला गोड बोलण्यापेक्षा गणितानेच धीर येतो हे तू तीन दिवसांत ओळखलंस.

आणि मग तो प्रश्न. "पंधरापैकी कुठल्या घरात तू एकदाही घड्याळ बघितलं नाहीस?"

लेकीने उत्तर दिलं आणि ती स्वतःच चपापली. ते घर तिने आपल्या पसंतीक्रमात खाली टाकलं होतं, कारण इंटरनेटवर कुणीतरी मांडलेल्या उतरंडीत ते खालच्या पायरीवर होतं. तिथल्या एका मुलीशी ती पूर्ण वेळ प्रेशर कुकरबद्दल बोलली होती. हॉस्टेलच्या खोलीत चालेल का, यावर! राहिलेल्या चारांत ते घर होतं. तू "बघ, मग तेच घे" म्हणाली नाहीस. "बरं," म्हणालीस आणि तिच्या हातात पाण्याची बाटली दिलीस.

शेवटच्या फेरीला दोन घरं उरली. ती फेरी निराळीच असते म्हणे, आवाज नाही, मेणबत्त्या, हळू आवाजातली गाणी, आणि बाहेर पडल्यावर लगेच करारावर सही. त्या कराराचा कागद तू आदल्या रात्री तिच्याकडून ओळ न् ओळ वाचून घेतलास. सही केलीस, त्यातल्या घराने बोलावलं आणि मग नाही म्हणालीस, तर पुढच्या वर्षीच्या भरतीपर्यंत या विद्यापीठातल्या कॉन्फरन्सच्या बाकी सोरॉरिटींची दारं बंद. दोन्ही नावं लिहिलीस तर जागा मिळण्याची शक्यता जास्त, एकच लिहिलंस तर तो तुझा जुगार. आणि सही न करता निघून गेलीस तरी मी तुला उद्या कॉफीला बोलावणार आहे. हे शेवटचं वाक्य कुठल्या नियमावलीत नसणार.

तिने दोन्ही लिहिली. कुकरवालं वर.

आता तुझ्याबद्दलचं. आठवडाभर मुली तुझं घर कुठलं असेल यावर अंदाज बांधत होत्या. केसांच्या रिबिनीवरून, चालण्यावरून. माझी लेक तर शपथेवर सांगत होती की तू कुकरवाल्या घरातलीच, नाहीतर इतकी चांगली कशी. कुठल्या घराने घेतलं ते सांगणारे लिफाफे उघडायच्या दिवशी मैदानावर तू वरचा शर्ट काढलास, आतला दिसला, आणि ती जागच्या जागी उभी राहिली. तिसऱ्या दिवशी ज्या अकरा घरांनी तिला सोडलं होतं, त्यांतलंच एक तुझं.

मी यावर फार विचार केला. त्या सकाळी तू तिच्याशेजारी जमिनीवर बसलीस तेव्हा तुझ्याच बहिणींनी तिला नाकारलेलं होतं. तू एकदाही त्यांची बाजू घेतली नाहीस, की त्यांना नावं ठेवून लेकीला बरं वाटवलं नाहीस. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला हे जमतं? मला पन्नाशीत सासरमाहेरच्या बाबतीत जमत नाही.

आभार मात्र तुझे मानतेय, त्या पद्धतीचे नाही, एवढं स्पष्ट लिहिते. अठराव्या वर्षी पोरींना पाच मिनिटांत जोखायचं, नाही म्हणताना कारण द्यायचं नाही, आणि वर त्याला 'दोन्ही बाजूंची निवड' म्हणायचं, हे मला आजही पटत नाही. लेकीशी यावरून अजून वाद होतो. ती म्हणते, आई, तिथे मला तापात सूप आणून देणाऱ्या पोरी मिळाल्या. तेही खरं आहे. मागच्या हिवाळ्यात तिला फ्लू झाला, तेव्हा माझ्याआधी तिथे चार जणी पोचल्या होत्या.

त्या शरद ऋतूत पालकांच्या वीकेंडला तू भेटलीस. मी काही बोलण्याआधी "येस, मॅम" म्हणालीस आणि मी जे ठरवून आले होते ते सगळं विसरले. हातात चकलीचा डबा ठेवला आणि इंग्रजीत हवापाण्यावर बोलत राहिले. त्या दिवशी राहिलेलं हे पत्र.

गेल्या आठवड्यात लेकीने पिशवीची यादी वाचून दाखवली. तुझीच यादी, सपाट चपलांपासून सुरू होणारी. मी त्यात साडीच्या मोठ्या सेफ्टी पिनांचं एक पाकीट घातलंय, दुकानातल्या बारीक पिना ऐनवेळी वाकतात. तिने विचारलं, "पहिल्या फेरीत गळलेल्या मुलीला मी काय सांगू?" मी म्हटलं, मला नको विचारू, त्या बाबतीतला माझा लौकिक तुला माहीत आहे. तर तिचा फोन तुला येईल. उचल.

टी-शर्टांचं खोकं कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलंय. कुठल्या घराचे आहेत ते या पत्रात कुठेच लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. भरती संपेपर्यंत लिहिणारही नाही.

तुझी,
कुकरवालीची आई