लायसन्स दाखवू, पण फोन का द्यायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. पक्के लायसन्स हाती आले की पूर्वी मुले विचारायची, "सर, गाडीत झेरॉक्स ठेवली तर चालेल का?" आता विचारतात, "डिजिलॉकरमधले दाखवले तर चालते ना?" डिजिलॉकर या सरकारी अॅपमधले लायसन्स कायद्याने चालते, आणि तेही आजचे नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये सर्व राज्यांना तसे कळवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १३९ बदलला आणि कागदपत्रे प्रत्यक्ष किंवा इलेक्ट्रॉनिक, कोणत्याही स्वरूपात दाखवण्याची मुभा मिळाली. १ ऑक्टोबर २०२० पासून तर ऑनलाइन पडताळणी झालेल्या कागदाची मूळ प्रत मागायचीच नाही, असा नियम आहे. कागद जप्त करण्याजोगा गुन्हा असला तरीही.

नाकाबंदीत "मोबाइलमधले नको, ओरिजिनल काढा" हे अजून ऐकू येते. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला खटकते ते वेगळेच. जिथे डिजिटल लायसन्स मान्य होते, तिथे "बघू इकडे" म्हणत सरळ फोनच हातात घेतला जातो.

माझ्या एका विद्यार्थिनीला गाडी बाजूला घ्यायला लावली. तिने काच खाली करून स्क्रीन समोर धरली. उन्हात दिसेना म्हणून हवालदारांनी फोन घेतला, दोन बोटांनी अक्षरे मोठी केली आणि नंबर वहीत उतरवू लागले. तेवढ्यात वरून बँकेचा मेसेज खाली उतरला. तो अंगठ्याने बाजूला सारून ते फोनसकट पलीकडे उभ्या असलेल्या साहेबांकडे गेले. ही स्टिअरिंगवर बसून पाहत राहिली. कोणी उद्धटपणे बोलले नाही, दंड झाला नाही. पण तिचा उघडा फोन तेवढा वेळ परक्याच्या हातात होता, आणि "देत नाही" म्हणायची तिची छाती झाली नाही. कोणाची होते?

कार्डावर नाव, पत्ता, जन्मतारीख, कोणते वाहन चालवायची परवानगी आहे, अशी मोजकीच माहिती असते. फोनमध्ये माणसाचा अख्खा संसार असतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ऑगस्ट २०१७ मध्येच सांगितले आहे. आणि फोन हातात घेऊन साधते तरी काय? लायसन्ससारखे दिसणारे चित्र आजकाल कोणीही बनवतो, स्क्रीनकडे डोळे बारीक करून पाहिल्याने खरेखोटे कळत नाही. ते कळते क्यूआर कोड स्कॅन केल्यावर किंवा लायसन्सचा नंबर 'सारथी' या लायसन्सच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीतल्या नोंदीशी ताडून पाहिल्यावर. ही दोन्ही कामे तपासणाऱ्याच्या यंत्रावर व्हायची आहेत. मोबाइल लायसन्ससाठी २०२१ मध्ये जे आंतरराष्ट्रीय आयएसओ मानक आले, त्यातही फोन धारकाकडेच राहतो आणि त्याच्या संमतीने हवी तेवढीच माहिती समोरच्या यंत्राकडे जाते.

चालकांचीही बाजू धड नाही, हेही लिहितो. कितीतरी जण कार्डाचा फोटो काढून गॅलरीत ठेवतात आणि त्यालाच डिजिटल लायसन्स समजतात. डिजिलॉकरमध्येसुद्धा स्वतः अपलोड केलेली प्रत आणि सरकारी खात्याकडून थेट आलेला, 'इश्यूड' विभागातला कागद यांत फरक आहे. मूळ कागदाचा दर्जा दुसऱ्यालाच. रेल्वेने २०१८ मध्ये ओळखीचा पुरावा म्हणून डिजिलॉकरमधले लायसन्स स्वीकारले, तेव्हाही हीच अट घातली होती. गॅलरीतला फोटो पोलिसांनी नाकारला तर त्यांच्याशी हुज्जत घालू नये.

जुन्या पुस्तकी लायसन्सवाल्यांची गत आणखी वाईट. त्यांची नोंद 'सारथी'वर चढलेली नसली, किंवा आधारवरचे नाव आणि लायसन्सवरचे नाव जुळले नाही, तर डिजिलॉकर काही केल्या कागद आणून देत नाही. अशांना आरटीओत खेटे घालावे लागतात. म्हणून मी अजून कोणाला कार्ड घरी ठेवा असे सांगत नाही. बॅटरी संपते, ते वेगळेच.

परिवहन आयुक्त आणि वाहतूक पोलीस यांनी दोन गोष्टी कराव्यात. जुन्या नोंदी चढवायला प्रत्येक आरटीओत वेगळी खिडकी उघडावी. आणि तपासणी करणाऱ्या प्रत्येकाला लेखी आदेश द्यावा, की चालकाने फोन आपल्याच हातात धरावा, पोलिसांनी कोड स्कॅन करावा किंवा नंबर विचारून आपल्या यंत्रावर पाहावा, फोन मागू नये. हा आदेश आपल्या दैनिकात ठळक छापून आला, तर त्याचे कात्रण मी वर्गात लावीन.

आपला,
एक वाचक
(मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालक)