पुनर्विकासाच्या करारात शेजाराचाही विचार व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यातील आणि मुंबईच्या उपनगरांतील जुन्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या पुनर्विकासाविषयी आपल्या दैनिकात सातत्याने मजकूर येतो आणि आमच्यासारखे सभासद त्याची कात्रणे जपून ठेवतात. वाढीव चटईक्षेत्र किती मिळावे, घरभाडे व कॉर्पस (विकसकाकडून मिळणारा एकरकमी निधी) किती असावा, बँक हमी घेतली आहे का, विकसकाने काम अर्धवट सोडले तर काय करायचे, या प्रश्नांची त्यात होणारी चर्चा आवश्यकच आहे. मात्र याच सोसायट्यांमध्ये सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेले जे सभासद एकटे किंवा नवरा-बायको दोघेच राहतात, त्यांचा वर्षानुवर्षांचा शेजार इमारतीबरोबरच मोडतो, याचा उल्लेख ना निविदेत असतो, ना करारात, ना सभेच्या इतिवृत्तात. मी शासकीय रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका असून सहकारनगर परिसरात राहते. उतारवयात शेजार हा आरोग्याचाच एक भाग असतो, असे माझे ठाम मत आहे आणि ते आपल्या वाचकांपुढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पुनर्विकासाला माझा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करते. सत्तर-ऐंशीच्या दशकात बांधलेल्या आमच्या भागातील बहुतेक इमारती तीन-चार मजली आहेत, त्यांना लिफ्ट नाही, गच्च्या गळतात, ड्रेनेजच्या वाहिन्या कुजल्या आहेत आणि बाल्कन्यांच्या खालच्या बाजूला गंजलेल्या सळया उघड्या पडल्या आहेत. गुडघे निकामी झालेली तिसऱ्या मजल्यावरची बाई केवळ दवाखान्यात जाण्यासाठी खाली उतरते आणि एरवी महिनोन्‌महिने जमिनीला पाय लावत नाही, हे चित्र घरोघरी आहे. तरुण सभासदांना मोठे घर हवे असते, मुलांसाठी स्वतंत्र खोली हवी असते, आणि त्यात गैर काहीच नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की ज्यांचे शरीर थकले आहे, अशा सभासदांना या प्रक्रियेत नेमके काय गमवावे लागते, ते आधी नीट समजून घ्यावे आणि मग करार करावा.

म्हातारपणी पडणे ही किरकोळ गोष्ट नसते. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या किंवा झोपेच्या गोळ्या घेणारी व्यक्ती रात्री लघवीसाठी अंथरुणातून चटकन उठते, तेव्हा रक्तदाब एकदम उतरून डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते, आणि त्यातच न्हाणीघराची फरशी ओली असली की पाय सरकतो. खुब्याचे हाड मोडले तर शस्त्रक्रिया शक्यतो 48 तासांच्या आत व्हावी लागते, कारण वृद्ध माणूस जितका अधिक काळ पलंगाला खिळून राहतो तितका छातीत कफ साचण्याचा, पायातील शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा आणि पाठीला जखमा होण्याचा धोका वाढत जातो. हाड मोडले नाही, पण स्वतःहून उठता आले नाही आणि माणूस तासन्‌तास फरशीवर पडून राहिला, तरी अंगातील पाणी कमी होते, सारखा दाब पडलेल्या स्नायूंमधील द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. अशा रुग्णाला कोणी घेऊन आले की तो कधी पडला याबरोबरच तो कधी सापडला, हेही आम्ही आवर्जून विचारत असू, कारण या दोन वेळांमधील अंतरावर पुढचे पुष्कळ काही अवलंबून असते. हे अंतर कमी करणारी व्यक्ती बहुतेक वेळा शेजारीण असते. सकाळचे आठ वाजून गेले तरी दुधाची पिशवी कडीला तशीच आहे, वर्तमानपत्र उंबऱ्यावर पडून आहे, रोज या वेळी वाजणारा रेडिओ आज गप्प आहे, एवढ्यावरून ती दार वाजवते आणि उत्तर आले नाही तर आपल्याकडे ठेवलेल्या किल्लीने उघडते.

ही नजर केवळ पडण्यापुरती नसते. समोरच्या काकूंना मधुमेह आहे, त्या गोळी घेतात आणि तरीही संकष्टीचा उपास सोडत नाहीत, हे शेजारणीला ठाऊक असते. त्यामुळे त्यांना दरदरून घाम फुटून त्या असंबद्ध बोलू लागल्या की शुद्ध असेपर्यंत आधी साखरेचे पाणी द्यायचे, हे तिला सुचते. पक्षाघाताच्या बाबतीत तर मिनिटांचा हिशेब असतो, कारण मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. बोबडी वळलेली वाणी फोनवर ऐकणाऱ्या मुलाला आई नुकतीच झोपेतून उठली असावी असे वाटू शकते, पण रोज समोरासमोर बोलणाऱ्या माणसाला तोंडाचा एक कोपरा खाली झुकल्याचे लगेच दिसते. शासनाने ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न लावता, वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांसाठी आयुष्मान वयवंदना कार्ड उपलब्ध करून दिले, ही फार मोठी गोष्ट आहे. परंतु ते कार्ड रुग्णालयाच्या दारात उपयोगी पडते. घरापासून त्या दारापर्यंत कोणीतरी न्यावे लागते. 108 क्रमांकाला फोन करायलासुद्धा कोणीतरी शुद्धीवर असलेले माणूस लागते. ज्येष्ठांसाठीची 14567 ही राष्ट्रीय मदतवाहिनी चांगले काम करते, परंतु तिची वेळ सकाळी आठ ते रात्री आठ आहे, आणि पहाटे तीनला शेजारची बेल वाजवण्याला आजही पर्याय नाही.

या विषयावर बोलताना परगावी किंवा परदेशी असलेल्या मुलांना दोष देण्याची एक सवय आपल्याला लागली आहे. ती मला मान्य नाही. ज्या पिढीने पोटाला चिमटा काढून मुलांना शिकवले, तिनेच त्यांना बंगळुरूला आणि अमेरिकेला आनंदाने निरोप दिला होता. ती मुले रोज फोन करतात, औषधे घरपोच मागवून देतात, दिवाणखान्यात कॅमेरा बसवतात आणि खरोखरच काळजीने झुरतात. त्यांच्याही मनाला आधार असतो तो शेजाऱ्यांच्या फोन नंबरचा. माझा मुलगा परगावी आहे आणि त्याच्या मोबाइलमध्ये आमच्या जिन्यातील तीन घरांचे नंबर आहेत. असे नंबर कोणी सांगितले म्हणून देत नाही. पाणी गेले म्हणून भरलेली बादली, दिवाळीतील ताटे, एकमेकांच्या घरातील बाळंतपणे, मयती आणि अधूनमधून झालेली कडाक्याची भांडणेसुद्धा, अशा चाळीस वर्षांच्या देवाणघेवाणीतून ते मिळालेले असतात. आमच्या भागात तर 12 जुलै 1961 च्या पानशेतच्या पुराने पेठांमधून उठून आलेली कितीतरी कुटुंबे आहेत. त्या वेळी जी शाळकरी मुले होती ती आज ऐंशीच्या आसपास आहेत, आणि वाडा वाहून गेल्यानंतर अनोळखी माणसांमध्ये नवा शेजार जोडायला आपल्या आईवडिलांना किती वर्षे लागली, हे त्यांना आठवते. त्या आईवडिलांच्या हाताशी वय होते. या मुलांच्या हाताशी आता ते नाही.

इमारत रिकामी झाली की काय होते, ते पाहावे. विकसक भाडे देतो आणि घर ज्याने त्याने शोधायचे असते. एकट्या वृद्धाला घर भाड्याने द्यायला अनेक मालक कचरतात, म्हणून मिळेल तिथे, सिंहगड रस्त्याच्या पलीकडे किंवा कात्रजच्या पुढे, जावे लागते. भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो, तो पुढे वाढवून मिळाला नाही तर बांधकाम पूर्ण होईपर्यंत दोन-तीनदा बिऱ्हाड हलवावे लागते. प्रत्येक घरात दिव्याचे बटण वेगळ्या जागी, न्हाणीघराचा उंबरा वेगळ्या उंचीचा, आणि रात्री अर्धवट झोपेत उठलेले पाय मात्र जुन्या घराच्या सवयीने चालतात. ज्यांची स्मृती आधीच क्षीण होऊ लागली आहे, त्यांचा गोंधळ जागाबदलाने फार वाढतो. ओळखीचा रस्ता, ओळखीचा वाणी आणि ओळखीचा डॉक्टर हीच त्यांना सावरून धरणारी चौकट असते. माता-पिता व ज्येष्ठ नागरिकांच्या कल्याणासाठीच्या 2007 च्या कायद्याखालील आदर्श नियमांत, प्रत्येक पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीत एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची अद्ययावत यादी ठेवावी आणि पोलिसांच्या प्रतिनिधीने त्यांना महिन्यातून किमान एकदा भेटावे, असे म्हटले आहे. बिऱ्हाड दुसऱ्या हद्दीत गेले की जुन्या यादीतील नाव निरुपयोगी होते आणि नव्या यादीत ते घालण्याचे कोणाच्या लक्षात येत नाही.

बांधकाम पूर्ण होऊन सगळे परत आले, तरी जुना शेजार आपोआप परत येत नाही. बारा घरांच्या जागी चाळीस-पन्नास घरे होतात, प्रत्येक घराला सेफ्टी डोअर असते, जिन्यात कोणी भेटत नाही, आणि सोडतीत एक जण तिसऱ्या मजल्यावर तर त्याची चाळीस वर्षांची शेजारीण नवव्या मजल्यावर जाते. सहकार खात्याच्या 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयानुसार आता 51 टक्के सभासदांच्या संमतीने पुनर्विकासाचा निर्णय होऊ शकतो. म्हणजेच थकलेल्या सभासदांची तयारी नसली तरी प्रक्रिया पुढे जाणार आहे. त्यांची सोय पुढे कोणाच्या तरी चांगुलपणावर सोडून न देता करारातच लिहून घेतली पाहिजे, असे मला वाटते ते म्हणूनच.

यातील बऱ्याच गोष्टींना पैसा फारसा लागत नाही. जे ज्येष्ठ सभासद तशी लेखी मागणी करतील, त्यांच्यासाठी विकसकाने एकाच इमारतीत किंवा निदान एकाच गल्लीत, जुन्या वस्तीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, संपूर्ण कालावधीसाठी घरे शोधून द्यावीत आणि त्यांचा भाडेकरार मध्येच संपणार नाही याची जबाबदारी स्वतःकडे घ्यावी. नव्या इमारतीत सोडत काढण्यापूर्वी सर्वसाधारण सभेने ठराव करून, ज्यांना एकमेकांचा शेजार हवा आहे अशा घरांना एकाच मजल्यावर जोडीने जागा द्यावी. सभासदांचे एकमत असेल तर यात अवघड काही नाही. बांधकामाच्या तपशिलात संगमरवराची आणि मॉड्युलर किचनची वर्णने पानभर असतात, तिथेच चार ओळी अशा घालाव्यात की निदान एका लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवे मावेल, न्हाणीघराची फरशी खरखरीत असेल, भिंतीत पकडायला दांडी असेल आणि न्हाणीघराचे दार बाहेरच्या बाजूला उघडेल. या शेवटच्या मुद्द्यावर मी मुद्दाम जोर देते. आत पडलेल्या माणसाच्या अंगानेच आत उघडणारे दार अडते, कडी तोडूनही ते ढकलता येत नाही, आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसांना आतला आवाज ऐकू येत असतानाही काही करता येत नाही. असे प्रसंग मी रुग्णांच्या नातेवाइकांकडून अनेकदा ऐकले आहेत. बिजागऱ्या दुसऱ्या बाजूने बसवायला वेगळा खर्च येत नाही.

आमच्या परिसरातील विकसकांच्या प्रतिनिधींशी बोलताना, एवढी घरे जवळपास मिळणार नाहीत, असे उत्तर मला मिळाले आहे. सर्वांना मिळणार नाहीत हे खरे आहे. पण साठ सभासदांपैकी ज्यांना खरोखर गरज आहे असे सात-आठच निघतात, आणि तेवढ्यांची सोय होऊ शकते. काही सभासदांना भीती वाटते की अशा अटी घातल्या तर विकसक मागे फिरेल. माझी त्यांना विनंती आहे की दहा चौरस फूट वाढवून घेण्यासाठी आपण जितक्या चिकाटीने बोलणी करतो, तितकीच चिकाटी या चार अटींसाठी एकदा दाखवून पाहावी.

सहकार खात्याने पुनर्विकासाविषयीच्या सूचनांमध्ये ज्येष्ठ सभासदांच्या तात्पुरत्या निवासाचा आणि मजल्यांच्या वाटपाचा स्वतंत्र परिच्छेद घालावा, अशी मागणी मी उपनिबंधक कार्यालयाकडे लेखी करणार आहे. ज्या सोसायट्यांनी आपल्या करारांमध्ये अशी काही तरतूद आधीच करून घेतली असेल, त्यांनी तिचा मसुदा आपल्या दैनिकाकडे पाठवावा आणि आपण तो शब्दशः छापावा, ही विनंती. आमच्यासारख्या अनेक सोसायट्या आज निविदांच्या टप्प्यावर आहेत आणि करारावर सह्या होण्यापूर्वी तो मसुदा त्यांच्या हाती पडणे आवश्यक आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका,
सहकारनगर, पुणे