जॅझ ऐकायचाय? आधी खुर्चीचे तोंड कोणीकडे ते विचारा

महोदय,

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून मुंबई-बेंगळुरूला जाणाऱ्यांना काय बघावे ते सगळे सांगतात. काय ऐकावे ते कोणी सांगत नाही. मुलाकडे, सुनेकडे आठवडाभर राहायला जाणाऱ्यांत गाण्याचा कान असलेली मंडळी पुष्कळ असतात. कुमार गंधर्वांचे जन्मगाव सुळेभावी आपल्या शेजारचेच आणि कॅम्पातल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बँडमुळे ट्रम्पेट, क्लॅरिनेट ही वाद्येही इथे कोणाला नवी नाहीत. अशांना समोर बसून जॅझ ऐकायचा असेल तर काही गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या. 'लाइव्ह जॅझ' अशी पाटी बघून आत शिरणारा बहुतेक वेळा फसतो.

पत्ता हुडकण्याआधी तिथे फोन करून दोन प्रश्न विचारावेत. पहिला, खुर्च्यांची तोंडे वादकांकडे आहेत की टेबलाकडे? टेबलाकडे असतील तर ते जेवणाचे ठिकाण. वादक तिथे पंख्यासारखे, चालू आहेत म्हणून चालू. दुसरा, बास (खर्जाचे स्वर देणारे तंतुवाद्य) आणि ड्रम कोण वाजवणार? उत्तरादाखल नावे आली तर ठीक. 'एकच गायक आहे, पण फुल म्युझिक असतं' असे उत्तर आले, तर मागे ध्वनिमुद्रित ट्रॅक वाजणार हे नक्की समजावे. जॅझमध्ये ड्रमवाला एकलवादकाचे ऐकून तिथल्या तिथे आपले वाजवणे बदलतो. ट्रॅक कोणाचे ऐकणार? निदान तिघे हवेत: पियानो किंवा गिटार, बास आणि ड्रम. सॅक्सोफोन नाहीतर ट्रम्पेट असला तर आणखी चांगले.

मुंबईत पहिले नाव नरिमन पॉइंटच्या एनसीपीएचे (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स). तिथले टाटा थिएटर १९८० साली उघडले. आराखडा अमेरिकन वास्तुविशारद फिलिप जॉन्सन यांचा, ध्वनियोजना सिरिल हॅरिस यांची. आपले शास्त्रीय संगीत माइकविना शेवटच्या रांगेपर्यंत पोचावे या हिशेबाने बांधलेले हे हजारभर खुर्च्यांचे सभागृह आहे. ब्रशने वाजवलेला ड्रम आणि उभा बास तिथे स्पष्ट ऐकू येतो, तो उगीच नव्हे. संस्थेचा जॅझ महोत्सव साधारण नोव्हेंबरात असतो. एरवीही महिन्याचा कार्यक्रम आधी जाहीर होतो. छोट्या वाद्यवृंदासाठी तिथलेच एक्स्पेरिमेंटल थिएटर जास्त जवळचे, तीनेकशे माणसांचे. बेळगावहून दादरला जाणाऱ्या चालुक्य आणि शरावती या गाड्या रोज नाहीत, तेव्हा तिकिटाआधी वार बघावा.

मुंबईतल्या क्लबांबाबत जुन्या माहितीवर विसंबू नये. लोअर परळचा 'ब्लू फ्रॉग' २००७ मध्ये सुरू झाला आणि २०१६ मध्ये बंद पडला, तरी त्याचे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. १९७८ पासूनच्या 'जॅझ यात्रा' महोत्सवामुळे गाजलेले धोबी तलावचे रंगभवन तर शांतता क्षेत्राच्या नियमात अडकून मैफलींना मुकले. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र धरले जाते. शिवाय उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही. म्हणून खुल्या मैदानातला कार्यक्रम वेळेवर सुरू होतो आणि दहाला आटोपतो. आपल्याकडच्या सवयीने अर्धा तास उशिरा गेलात तर तेवढी मैफल गेली.

बेंगळुरूला व्हाइटफील्डमध्ये 'विंडमिल्स क्राफ्टवर्क्स' आहे. बिअर तिथेच तयार होते आणि त्याच छताखाली जॅझसाठी खास रंगमंच आहे. रात्री बेळगावहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसला बसले की सकाळी क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा स्थानक. (गाडीचे नाव आपल्या जिल्ह्यातले, स्थानकाचेही आपल्याच जिल्ह्यातले!) स्थानकालगतच मेट्रोची पर्पल लाइन मिळते, ती न बदलता व्हाइटफील्डपर्यंत जाते. प्रवासाला तास धरावा. चूक होते ती परतीत. चन्नम्मा तिकडूनही रात्रीचीच असते, आणि मैफलीचा दुसरा भाग टाकून स्टेशन गाठायचे म्हणजे जेवण सोडून हात धुण्यासारखे. एक मुक्काम धरूनच जावे.

सगळ्यांत जवळचा गोवा, आणि तो आपण सगळ्यांत कमी वापरतो. चोर्ला घाटाने तीन-साडेतीन तासांत पणजी. मुंबईच्या जॅझचा कणाच गोव्याच्या वादकांचा होता. आल्दोन्याचे अँतोनियो शाव्हिएर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने ताजमहाल हॉटेलात ट्रम्पेट वाजवत, तेच सी. रामचंद्रांचे सहायकही होते. सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विसही गोव्याचेच. हंगाम नोव्हेंबर ते मार्च. पावसाळ्यात कार्यक्रम तुरळक आणि घाटात दरडी. पण ट्रॅकवर गाणारे एकटे गायकही गोव्यातच जास्त भेटतात, म्हणून वरचा दुसरा प्रश्न इथे हमखास विचारावा.

आता ऐकण्याविषयी. तालाचा अंदाज असलेल्याला हे अवघड नाही. आधी सगळे मिळून चाल वाजवतात, मग एकेक जण त्याच चौकटीवर विस्तार करतो, शेवटी पुन्हा चाल. ही चौकट बहुधा बत्तीस बारची, म्हणजे दर बारला चार मात्रा या हिशेबाने १२८ मात्रांची. ब्लूज (जॅझच्या मुळाशी असलेला गीतप्रकार) असेल तर बारा बारची, म्हणजे ४८ मात्रांची. विलंबित एकतालाच्या बारा मात्रा चार-चार भागांत मोजणाऱ्याला यात वेगळे काय वाटणार! ठेका शोधायचा तो बासमध्ये आणि ड्रमवाल्याच्या उजव्या हाताच्या झांजेत. बास बहुतेक दर मात्रेला एक स्वर टाकत चालत असतो. डाव्या पायाची जोडझांज मिटते ती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. टाळी तिथेच द्यावी. आपला हात सवयीने पहिल्या मात्रेवर पडतो आणि चाल जड होते. शेवटाकडे वादक आणि ड्रमवाला चार-चार बार आळीपाळीने वाजवतात. चार बार म्हणजे सोळा मात्रा, त्रितालाचे एक आवर्तन. सवाल-जवाबच, फक्त चौकट न मोडता.

दाद प्रत्येकाचा विस्तार संपला की द्यावी, गाणे संपायची वाट बघू नये. बासवाल्याची पाळी आली की बाकीचे थांबतात, आवाज उतरतो, आणि नेमके तेव्हाच लोक गप्पांना सुरुवात करतात. तेवढे मात्र करू नये. सगळ्यांत नाजूक काम त्याच वेळी चाललेले असते.

जागा धरताना झांजांसमोरची नको. तासाभरात कान बधिर होतात आणि पियानो ऐकूच येत नाही. बारच्या काउंटरजवळचीही नको, मिक्सर आणि बर्फाचा खडखडाट बासला खाऊन टाकतो. मोठा पियानो असेल तर प्रेक्षकांच्या डाव्या बाजूला बसावे, वादकाचे हात दिसतात. छोट्या जागेत मंचापासून चार-पाच मीटर पुरे. कार्यक्रम बहुधा पाऊण ते एक तासाच्या दोन भागांत होतो आणि मध्ये पंधरा-वीस मिनिटे विश्रांती असते. वादक दुसऱ्या भागात खुलतात, त्यामुळे एकच भाग परवडत असेल तर दुसरा निवडावा.

पैशाचे म्हणाल तर 'कव्हर चार्ज' (आत बसण्याचे शुल्क) जेवणाच्या बिलातून वळता होतो की वेगळा, हे आरक्षण करतानाच विचारून घ्यावे. वाद होतात ते इथेच. बिलातला सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. नातवंडे बरोबर असतील तर वयाची अटही विचारावी, मद्य परवाना असलेल्या जागी लहानांना आत घेतीलच असे नाही. न्यूयॉर्कला मुलांकडे जाणाऱ्यांनी ग्रेनिच व्हिलेजमधले १९३५ पासूनचे 'व्हिलेज व्हँगार्ड' चुकवू नये. तळघरातली सव्वाशेच्या आसपास खुर्च्यांची जागा आहे, तिकीट भागागणिक वेगळे.

एक विनंती. आपल्या दैनिकात 'आजचे कार्यक्रम' त्याच दिवशी छापून येतात. कणबर्गीच्या भजनासाठी ते ठीक, पण गोवा, मुंबई, बेंगळुरूच्या मैफलींची माहिती त्या दिवशी वाचून उपयोग नाही, तोवर गाडीचे आरक्षण संपलेले असते. नोव्हेंबर ते मार्च एवढ्या महिन्यांपुरती ती निदान तीन आठवडे आधी छापावी.

आपले,
काही संगीतप्रेमी वाचक
टिळकवाडी, बेळगाव