ताईची बॅग भरून द्या

पुणे,
२ डिसेंबर २०२५

ती. आप्पा आणि आईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

रविवारी फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. मला रडू आलं आणि मी फोन ठेवून दिला. म्हणून हे पत्र लिहिते आहे. कागदावर लिहिलेलं आप्पा दोनदा वाचतात, हे मला माहीत आहे.

दादाच्या लेकीची, आपल्या ताईची, विद्यापीठाच्या कबड्डी संघात निवड झाली, ही बातमी मला ना दादाने दिली, ना तुम्ही. तिनेच रात्री साडेअकराला मेसेज केला आणि खाली लिहिलं, "आत्या, पण बाबा नाही म्हणताहेत." मी फोन केला तर आप्पा, तुम्ही म्हणालात, "मुलींची लीग कुठे शे? टीव्हीवर सगळे पोरंच. पुढे काही नाही, मग पोरीने गुडघे कशाला फोडायचे?" हे दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी कानाआड केलं असतं. पण मला डाव्या कोपऱ्यात उभं राहायला तुम्ही शिकवलंत. खळ्यात राखेने रेषा आखून, चढाई करणारीच्या डोळ्यांकडे नाही, तिच्या पायांकडे बघ, असं तुम्हीच मला सांगितलंत. तुमच्या तोंडून हे ऐकलं आणि रात्रभर झोप लागली नाही.

तुमचं एक म्हणणं खरं आहे. मुलींची प्रो कबड्डी लीग नाही. २०१६ साली एकदा झाली होती, तुम्हाला आठवत असेल. मुलांच्या चौथ्या हंगामाच्या जोडीने मुलींचे तीनच संघ उतरवले होते. तेजस्विनी बाई, ममता पुजारी आणि आपल्या मुंबईची अभिलाषा म्हात्रे अशा तीन कर्णधार होत्या. हैदराबादचा अंतिम सामना स्टॉर्म क्वीन्सने २४-२३ असा एका गुणाने जिंकला. ताई तेव्हा दहा वर्षांची होती, सुट्टीला माझ्याकडे आली होती आणि सोफ्यावरून उड्या मारत होती. पुढच्या वर्षी मुलांच्या लीगमध्ये आठाचे बारा संघ झाले, आणि मुलींचं सामन्यांच्या यादीत नावच नव्हतं. ती मला विचारायची, "आत्या, त्या पोरी कधी येतील?" तिला काय सांगावं, हे मला आजही कळत नाही.

पण आप्पा, लीग नाही म्हणून खेळ नाही, हे मला मान्य नाही. त्यावरच मला तुमच्याशी बोलायचं आहे.

मी लीगच्या विरोधात नाही. तिच्यावर माझा जीव आहे. पहिल्या हंगामात, २०१४ च्या लिलावात, सगळ्यात महाग खेळाडू राकेश कुमार होता, १२ लाख ८० हजारांना. यंदा इराणच्या मोहम्मदरझा शादलुईला गुजरातने २ कोटी २३ लाखांना घेतला. मातीत खेळणाऱ्या पोरांच्या घरात हा पैसा गेला, पक्की घरं झाली, बहिणींची लग्नं झाली, याचा मला मनापासून आनंद आहे. ३१ ऑक्टोबरला दिल्लीतल्या अंतिम सामन्यात पुणेरी पलटण ३१-२८ अशी हरली तेव्हा तुम्ही फोनवर गप्प होतात आणि मीही गप्प होते. तीन गुण, आप्पा! एक अव्वल पकड पडली असती तरी डाव फिरला असता.

मात्र लीगचं एक मला सलतं. शादलुई माझा आवडता, कारण तोही डाव्या कोपऱ्याचा. दहाव्या हंगामात तो पुण्याकडून विजेता झाला, अकराव्यात हरियाणाकडून विजेता झाला, बाराव्यात गुजरातला गेला. तीन हंगाम, तीन रंगांच्या जर्सी. त्याचा यात काही दोष नाही, लिलावाची रीतच तशी आहे. पण ज्याच्या खांद्याला खांदा लावून साखळी धरली, त्याच्याच घोट्यावर पुढच्या वर्षी झडप घालायची. प्रेक्षकाला तरी कोणाच्या नावाने ओरडावं हे कसं कळणार? म्हणूनच १ मार्च २०२४ ला अंतिम सामन्यात पलटणने हरियाणाला २८-२५ ने हरवलं तेव्हा मला इतका आनंद झाला होता. त्या संघात आपल्याच युवा संघात वाढवलेली पोरं होती. आपल्या नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार कर्णधार होता, आकाश शिंदे होता, पंकज मोहिते होता. एकमेकांच्या सवयी माहीत असलेली पोरं. कोपऱ्यातला गडी कधी पुढे सरकणार हे आत उभ्या असलेल्या कव्हरला न बघता कळत होतं. तो संघ मला कॉलेजच्या संघासारखा वाटला. माझ्याकडून याहून मोठी शाबासकी नाही.

आता कॉलेजात असताना मी विद्यापीठाकडून खेळले, त्या माझ्या संघाचं सांगते. तुम्ही मला स्टेशनवर सोडायला आणि आणायला आलात, पण मधे काय झालं ते मी तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही.

आधी विभागीय, मग आंतरविभागीय, मग निवड. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या कॉलेजांतून आम्ही बारा जणी. अमळनेरहून मी, एक शिरपूरची, एक शहाद्याची, दोघी रावेरच्या, एक नवापूरची. नवापूरची पोर कधी आगगाडीत बसली नव्हती. सुरत पॅसेंजरमध्ये ती रात्रभर खिडकीशी जागी होती. ती घरी मावची बोलायची, शहाद्याची पावरी, रावेरच्या दोघी लेवा बोली, आम्ही अहिराणी. पहिले दोन दिवस आम्ही एकमेकींशी पुस्तकी मराठी बोलत होतो, पाहुण्यासारख्या. तिसऱ्या दिवशी सरावात नवापूरच्या पोरीने चढाई करणारीची घोटापकड केली आणि मी ओरडले, "धर वं, सोडू नको!" तेव्हापासून संघाची बोली अहिराणी झाली. समोरच्यांना आमचं एक अक्षर कळायचं नाही. आम्ही त्यांच्या तोंडावर ठरवायचो की आता हिला बोनस घेऊ दे, पुढच्या चढाईला कमरेला धरू.

आई, तू दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दुसऱ्याच दिवशी संपली. पण तुझ्या त्या पिशवीवर बारा जणींनी हात पुसले. ती पिशवी अजून माझ्याकडे आहे.

स्पर्धा गुजरातेत होती, आणि मॅटवर. आम्ही सगळ्या मातीतल्या. मॅटवर पाय सरकत नाही, चिकटतो. पहिल्याच सामन्यात अंगठ्यांची कातडी निघाली. बूट सगळ्यांकडे नव्हते, बदली खेळाडू आत जाताना बाहेर येणारीचे बूट घालायची. तरी तीन सामने जिंकलो. चौथ्यात शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणाने पुढे होतो. समोरच्यांच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या होत्या आणि ही तिसरी होती, म्हणजे गुण घेतल्याशिवाय तिला परत जाता येणार नव्हतं. आत आम्ही सहा जणी होतो. सहा असल्या की बोनसचा गुण मिळतो, हे मला पाठ होतं, तरी मी एक पाऊल उशिरा पुढे आले. तिने बोनस रेषेवर पाय टाकला आणि जाताना शहाद्याच्या मुलीच्या मनगटाला हात लावून गेली. दोन गुण. आम्ही एका गुणाने हरलो.

माझ्या चुकीने हरलो, आप्पा. मी मॅटवरच बसून राहिले. तेव्हा नवापूरची ती पोर, जी चार दिवसांत मोजून दहा वाक्यं बोलली असेल, माझ्याजवळ आली आणि तिने माझ्या पायातून बूट काढले. ते तिचेच होते. नुसतं म्हणाली, "तुझे पाय सुजलेत." परतीच्या गाडीत ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. पहाटे अमळनेरला उतरले तर तुम्ही एम-एटी गाडीला टेकून उभे, डोक्याला मफलर. तुम्ही निकाल विचारला नाहीत. "चहा घ्यायचा का?" एवढंच विचारलंत. मला वाटतं, मी त्या दिवशी मोठी झाले.

त्या बारा जणींपैकी कोणालाही खेळाने पैसा दिला नाही. आमची कर्णधार खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून पोलिसात लागली, रावेरची एक क्रीडाशिक्षिका झाली, बाकीच्या माझ्यासारख्या संसाराला आणि नोकरीला लागल्या. नोकरी लागेल म्हणून ताईला पाठवा, असं मी म्हणणारच नाही. लागली तर चांगलंच. पण विद्यापीठाचा संघ म्हणजे लीगच्या माडीवर चढायची शिडी, आणि माडीच नसेल तर शिडी कशाला, हा हिशोबच मला पटत नाही. तो संघ स्वतःच एक घर आहे. तीन जिल्ह्यांचं एक घर, आणि त्यात राहायला मोजकीच वर्षं मिळतात. पंचविशीनंतर आंतरविद्यापीठ खेळता येत नाही. ताई एकोणीस वर्षांची आहे.

माझे धाकटे दीर अमेरिकेत असतात, त्यांच्याकडून तिकडचं ऐकते. तिथे कॉलेजच्या संघाचा सामना बघायला गावंच्या गावं लोटतात. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानावर एक लाखाच्या वर माणूस बसतं, आणि तो त्यांच्या फुटबॉलचा कॉलेजचा सामना असतो, व्यावसायिक नाही. आजोबा ज्या संघासाठी ओरडले त्याच संघासाठी नात ओरडते. मुलींच्या बाबतीत तर मला त्यांचा हेवा वाटतो. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांत मुलींना डावलता येणार नाही, असा कायदा तिथे १९७२ साली झाला आणि त्यात खेळही आले. मुलींची मोठी बास्केटबॉल लीग त्यानंतर पंचवीस वर्षांनी सुरू झाली. म्हणजे आधी कॉलेजच्या मुली खेळत राहिल्या, मग लीग आली. २०२४ मध्ये कॉलेजच्या मुलींचा अंतिम सामना १ कोटी ८० लाखांहून जास्त लोकांनी पाहिला, आणि मुलांचा दीड कोटींनीही नाही. आता तिथे कॉलेजंसुद्धा खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत आणि पोरं दरवर्षी कॉलेज बदलतात, म्हणून दीर हळहळतात. लिलावाचं दुखणं तिकडेही पोचलं म्हणायचं. पण घाम गाळणाऱ्याला पैसे मिळावेत, याला मी नाही म्हणणार नाही.

आपल्याकडेही मुली थांबल्या नाहीत. एशियाडमध्ये मुलींची कबड्डी २०१० ला आली, आणि पहिलं सोनं आपल्याच मुलींनी आणलं. २०१८ ला जकार्तात इराणने आपल्याला २७-२४ असं हरवलं, तेव्हा तुम्ही दोन घास खाऊन ताटावरून उठला होतात. इराणच्या त्या पोरींना शिकवणाऱ्या शैलजा जैन आपल्या नाशिकच्या होत्या, हे दुसऱ्या दिवशी पेपरात वाचून तुम्हीच मला फोन केलात. "पाहिलंस? विद्या वाया जात नाही," म्हणालात. २०२३ ला हांगझोऊत २६-२५ ने सोनं परत आलं. आणि आता २४ नोव्हेंबरला ढाक्यात आपल्या मुलींनी चायनीज तैपेईला ३५-२८ ने हरवून विश्वचषक जिंकला. मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून फोनवर बघितला. त्यानंतर आठच दिवसांत दादा ताईला म्हणतो, पुढे काही नाही.

आई, तुझी काळजी वेगळी आहे, मला कळतं. तुला तिच्या तोंडावर खूण पडायची भीती आहे. माझ्या भुवईवर आहे ना एक? लग्न ठरताना कोणी काही म्हटलं नाही. तुझ्या जावयांनी पहिल्यांदा त्या खुणेचंच विचारलं, आणि मग आम्ही तासभर कबड्डीवर बोललो.

आप्पा, दादा तुमच्या शब्दाबाहेर नाही. त्याची अडचणही खरी आहे. कापसाची वेचणी चालू आहे, मजूर मिळत नाही, आणि ताई घरात असली की वहिनीला हाताशी माणूस होतं. त्या आठवड्याची मजुरी मी पाठवते, त्याला सांगा उधार समज. अभ्यासाचं तिने मला वहीचे फोटो पाठवून दाखवलं आहे, काही मागे पडलेलं नाही. तुम्ही फक्त त्याला ओट्यावर बसवा आणि सांगा.

आणि तिला स्टेशनवर तुम्हीच सोडा. परत येईल तेव्हा आणायलाही तुम्हीच जा. निकाल विचारू नका, चहा विचारा.

आईला सांगा, दशम्या बारा जणींच्या हिशोबाने कर. बिबड्याही दे, होस्टेलवर तळायला कोणी ना कोणी भेटतं. गुडघ्याचे पॅड, जाड मोजे आणि मॅटचे बूट आज कुरिअरने टाकले आहेत. बूट तिच्या मापाचे सहा नंबरचे आहेत, आणि आणखी एक जोड सात नंबरचा आहे. तो कोणासाठी, ते तिला तिथे गेल्यावर कळेल.

तुमची,
बेबी

ता. क. – पार्सल दादाच्या नावाने नाही, आप्पांच्या नावाने आहे. सही तुम्हीच करा.