डिस्चार्जनंतरच्या उपचारांचे क्लेम नाकारल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग

विषय : दुचाकी अपघातात जखमी झालेल्या कामगारांचे डिस्चार्जनंतरचे क्लेम फेरतपासणीस घेणेबाबत.

महोदय,

अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्याची गट आरोग्य पॉलिसी तुमच्याकडे आहे. दुसरी पाळी सुटली की पाथर्डी फाटा, गरवारे पॉइंट, मुंबई नाका या बाजूंना निघालेला कामगार दुचाकीवरच असतो, त्यामुळे आमच्याकडचे बरेच क्लेम हाड मोडल्याचे. भरतीचे बिल कॅशलेसमध्ये सुटते, त्याबद्दल तक्रार नाही. गाडी अडते ती माणूस घरी आल्यावर.

आधीच सांगतो, क्रेप बँडेज, नी ब्रेस (गुडघ्याचा पट्टा) आणि वॉकर विम्यातून पैसे न देण्याच्या यादीत आहेत हे आम्हाला माहीत आहे. ते आम्ही मागितलेलेही नाहीत.

पॉलिसीत डिस्चार्जनंतरचे ६० दिवस लिहिले आहेत. सोबतच्या तक्त्यातील दोन क्लेममध्ये हे दिवस ऑपरेशनच्या तारखेपासून मोजले आहेत. नडगीचे हाड कातडी फाडून बाहेर आले असेल तर जखम दोन-तीनदा धुवावी लागते, कधी मांडीची कातडी काढून लावावी लागते, आणि मुक्काम तीन आठवड्यांवर जातो. म्हणजे ज्याला जास्त लागले, त्याचेच २०-२१ दिवस तुम्ही मोजणीत खाल्ले.

फिजिओथेरपीची बिले ‘डिस्चार्ज कार्डावर सिटिंगची (व्यायामाच्या बैठकांची) संख्या नाही’ म्हणून परत आली. ती संख्या त्या दिवशी कोणताही सर्जन लिहू शकत नाही. मोडलेल्या हाडात रॉड टाकल्यावर घोटा आणि गुडघा लगेच हलवायला सुरुवात होते, टाके १२ ते १४ दिवसांनी निघतात, आणि पायावर किती वजन टाकायचे हे साधारण सहाव्या आठवड्याच्या एक्स-रेवर नव्याने ठरते. व्यायाम त्याप्रमाणे बदलतो. मधल्या काळात पोटरी आखडली तर टाच जमिनीला टेकत नाही. दोन बोटांचे अंतर राहिले तरी माणूस गुडघा मागे ढकलून चालू लागतो, आणि असा माणूस लेथसमोर आठ तास उभा राहत नाही. काही रुग्णालये कार्डावर ‘फिजिओ सुरू ठेवा’ एवढेच खरडतात, ही त्यांची चूक. पण पुढच्या प्रत्येक तपासणीच्या कागदावर सर्जनचा सल्ला, सही आणि तारीख आहे. तो कागद ग्राह्य धरा.

सर्वात गंभीर प्रकार एनसीव्ही-ईएमजी तपासणीचा, म्हणजे नसा आणि स्नायू किती काम करतात हे विजेच्या संकेतांवरून पाहणाऱ्या तपासणीचा. गाडीवरून खांद्यावर पडताना मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ओढला जातो. मानेतून हाताकडे उतरणाऱ्या नसा त्यात ताणतात किंवा तुटतात; हात खांद्यापासून नुसता लोंबतो. ही तपासणी पहिल्याच आठवड्यात केली तर चित्र फसवे येते, कारण तुटलेल्या नसेचा पुढचा भाग निकामी व्हायला वेळ लागतो. म्हणून डॉक्टर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सांगतात. नस वाढते दिवसाला सुमारे १ मिलिमीटर, आणि तोवर स्नायू सुकत जातो. नस जोडण्याचे ऑपरेशन करायचे तर पहिल्या ३ ते ६ महिन्यांतच करणे श्रेयस्कर, आणि ते करायचे की नाही हे ठरवण्यात या तपासणीचा मोठा वाटा असतो. तुम्ही तिला ‘केवळ निदानासाठी’ असा शेरा मारून नाकारले. ज्या इजेसाठी माणूस भरती होता, तिचीच ही पुढची पायरी आहे.

आणखी एक क्लेम ‘६० दिवसांनंतरचा खर्च’ म्हणून बंद केला. हाड जुळायला वेळ घेत होते, म्हणून रॉडचा एक स्क्रू तिसऱ्या महिन्यात काढला, म्हणजे चालताना हाडावर दाब येऊन ते धरते. हे काम भूल देऊन ऑपरेशन थिएटरमध्ये झाले. तो जुन्या क्लेमची शेपटी नाही, डे-केअरचा, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडण्याच्या उपचाराचा, स्वतंत्र क्लेम आहे.

एक्स-रेच्या मूळ फिल्मही तुम्ही ठेवून घेता. पुढच्या तपासणीला सर्जन जुनी फिल्म शेजारी लावूनच हाड किती भरले ते पाहतो. रिकाम्या हाताने गेलेल्याला पुन्हा एक्स-रे काढावा लागतो. ते बिलही मग तुम्हीच ‘अनावश्यक’ ठरवता! रिपोर्ट आणि फिल्मचा फोटो घ्या, फिल्म परत करा.

रस्ते अपघातांसाठीची केंद्राची २०२५ ची कॅशलेस योजना अपघातापासून फक्त ७ दिवसांची, १.५ लाख रुपयांपर्यंत आहे. त्यापुढच्या महिन्यांसाठी कामगाराच्या हातात हीच पॉलिसी असते.

तक्त्यातील सर्व क्लेम पुन्हा तपासून प्रत्येकाचा लेखी निर्णय, नाकारल्यास पॉलिसीच्या कलमासह, १४ दिवसांत कळवावा. न कळवल्यास विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवू आणि महिना उलटल्यावर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाऊ.

सोबत : क्लेमचा तक्ता, डिस्चार्ज कार्डे, तपासणीचे कागद, नकारपत्रांच्या प्रती. मूळ फिल्म जोडलेल्या नाहीत.

आपले,
कामगार कल्याण समिती,
अंबड, नाशिक