फ्रीजरमधलं अर्धं कालवण

परळ, मुंबई
रविवार, दुपार

प्रिय नंदू,

स्लो कुकर घेतलास ते बरं केलंस. पण परवा फोनवर म्हणालास, "आता सगळं आयतं शिजवून फ्रीजरमध्ये भरून टाकतो," ते काही बरोबर नाही. निदान आपल्या जेवणाला तरी ते लागू पडत नाही. तुला तोंडी सांगितलं असतं तर "हो हो" करून फोन ठेवला असतास आणि वहिनीला विचारलं असतंस, "काय म्हणाला गं तो?" म्हणून लिहून पाठवतोय. फ्रीजला चिकटवून ठेव.

वहिनीची 26 आठवड्यांची रजा संपत आली. ती रुजू झाली की दोघंही रात्री आठच्या आत घरी पोचत नाही. बाळ काकूंकडे, आणि कुणी काही न बोलता स्वयंपाकही त्यांच्याच गळ्यात. ते होऊ द्यायचं नसेल तर हे दोन-तीन रविवार कामाला लाव.

आधी यंत्राचा स्वभाव समजून घे. आजीच्या चुलीला बाजूला वैल असायचा बघ, त्यावर आमटी नुसती मंद शिजत राहायची, तसाच हा. 'लो'वर साधारण आठ तास, 'हाय'वर चार. 200 वॅटचा असेल तर आठ तासांत फार तर 1.6 युनिट वीज. अर्ध्यापेक्षा कमी आणि दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरायचा नाही. झाकण सारखं उघडून बघायचं नाही, कारण दर वेळी शिजायला वीस-पंचवीस मिनिटं जास्त लागतात. काकूंना हे आधीच सांग, त्यांना ढवळल्याशिवाय चैन पडत नाही.

याचा जन्म कसा झाला माहितीये? अमेरिकेतल्या अर्व्हिंग नॅक्सन नावाच्या माणसाने 1940 मध्ये याचं पेटंट मिळवलं. लिथुआनियातल्या ज्यू घरांत शनिवारी चूल पेटवायची नाही म्हणून शुक्रवारी संध्याकाळीच कालवणाचं भांडं बेकरीच्या निवत्या भट्टीत नेऊन ठेवत, ते त्याने आईकडून ऐकलं होतं. आपल्या अलिबागकडचे बेने इस्रायली ज्यू शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत, त्यातलाच हा नेम. असो, विषय कालवणाचा.

या भांड्याला भाजता येत नाही. आत सगळी वाफ, मग कांद्याला रंग येणार कुठून? पाणीही आटत नाही. आपल्या रश्श्याची सगळी चव खरपूस कांदा-खोबऱ्यात आणि वरच्या फोडणीत. म्हणून रविवारी कढईत वाटण करायचं, फोडणी संध्याकाळी घरी आल्यावर द्यायची, आणि फ्रीजरमध्ये जायचं ते फक्त मधलं. अर्धं कालवण म्हण.

मटणाचं सांगतो, कारण तू तेच आधी करणार. सकाळी ताजं आण. अर्धा किलोला हळद, आलं-लसूण चोळ, गार झालेलं वाटण मिसळ, पिशवीत भर आणि लगेच फ्रीजरमध्ये. कच्चंच. लवंग आणि लसूण नेहमीपेक्षा कमी घाल, गोठवल्यावर दोन्ही उग्र होतात. मीठ शेवटी. बटाटा अजिबात घालू नकोस, गोठून सुटला की रवाळ, पाणचट लागतो. नारळाचं दूधही नको, फाटतं. भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं वाटण मात्र मस्त टिकतं. भांड्यात घालताना पाणी नेहमीच्या निम्मं.

काळे वाटाणे, छोले यांना हा पॉट छान. रात्रभर भिजवायचे, रविवारी पॉटमध्येच मऊ शिजवून, वाटण लावून गोठवायचे. कोकम, चिंच, टोमॅटो मऊ झाल्यावरच. आंबट आधी पडलं तर दाणा हट्टाला पेटतो, दहा तास ठेवलास तरी कडकच. मटकी-मुगाला हे उपद्व्याप कशाला? कुकरच्या दोन शिट्ट्यांचं काम. राजमा मात्र या भांड्यात कधीही थेट टाकू नकोस. त्यातलं एक विषारी द्रव्य मंद आचेवर नष्ट होत नाही आणि घरदार ओकत बसतं. भिजवलेलं पाणी फेकून दे, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळ किंवा सरळ कुकर लाव.

शिजवलेलं काही गोठवायचं असेल तर मोठ्या पातेल्यात निवत ठेवू नकोस, आपल्या हवेत ते मधे तासन्‌तास कोमट राहतं. परातीत पसर, पंखा लाव, आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलंच पाहिजे. मग झिपच्या पिशवीत भरून, हवा काढून, ताटावर आडवी ठेवून गोठव. दगड झाला की उभ्या लावायच्या. तुमच्या त्या एकदारी फ्रीजच्या फ्रीजरमध्येही मग बऱ्याच मावतात. पिशवीवर चिकटपट्टी, तिच्यावर मार्करने तारीख आणि काय राहिलंय ते. माझ्या आत्ताच्या एकीवर आहे: "काळे वाटाणे, चौघांना. मीठ नाही. कोकम 5. फोडणी बाकी." घरातलं कुणीही पुढचं करू शकतं, मला फोन येत नाही.

पिशवी आदल्या रात्री खालच्या कप्प्यात ताटलीत काढून ठेव. गोठलेला दगड थेट पॉटमध्ये टाकायचा नाही, विरघळून तापेपर्यंत मटण कितीतरी वेळ कोमट राहतं आणि जंतूंना तेच हवं असतं. शिवाय गरम चिनी मातीच्या भांड्यात बर्फ पडला तर ते तडकतं.

विजेचं म्हणशील तर आपल्याकडे ती सहसा जात नाही, पण 12 ऑक्टोबर 2020 आठव, अख्खी मुंबई ठप्प होती. फ्रीजर गच्च भरलेला असेल आणि दार उघडलं नाही तर माल दोन दिवस टिकतो, अर्धा भरला असेल तर एकच. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या ठेव. पॉट चालू असताना वीज गेली आणि किती वेळ गेली होती ते सांगायला घरात कुणी नसेल, तर ते कालवण टाकून दे. जीव तुटतो, पण टाक.

काकूंचा प्रश्न येणारच: "आठवड्याचं शिळं खायचं का आता?" आमच्याकडे आईशी यावर वाद घालून उपयोग झाला नाही. आठ वाजता लोखंडी पळीत तेल तापवून मोहरी, हिंग, कढीपत्ता तडतडवला, वर कोथिंबीर भुरभुरली की आई गुपचूप पान घेते. संकष्टीला मात्र तिला चंद्रोदयानंतर सगळं ताजंच लागतं, त्या दिवशी पॉट कपाटात.

तेव्हा पिशव्या पंचांग बघून भर. श्रावण लागला की काकू मटणाची पिशवी फ्रीजरमध्येही ठेवू देणार नाहीत, म्हणजे गटारीपर्यंत मांसाहाराचा साठा संपलाच पाहिजे. त्यानंतर छोले, वाटाणे, वालाचं बिरडं, आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलेलं वाटण. मार्गशीर्षातले गुरुवार वहिनी पाळते ना? तेही लिहून ठेव.

पुढच्या रविवारी नऊपर्यंत इकडे ये, दोन्ही घरांचं वाटण एकदमच करू. माझा मिक्सर मोठा आहे. खोबरं तू आण, दादरहून घे, आणि कांदे चिरायला तुलाच बसवणार आहे.

तुझा,
बंड्या