दादाचा आवाज

सांगली, रविवार

प्रिय बापू,
स. न. वि. वि.

चार महिने तुला पत्र नाही. दादाचे तुला कसे कळवावे हेच सुचत नव्हते. बाकी घरी ठीक, आईचे गुडघे तेवढे दुखतात.

दादाच्या मानेतली गाठ पाडव्यानंतर काढली. ती कॅन्सरची नव्हती, पण मेंदूकडे जाणारी कॅरोटिड रक्तवाहिनी जिथे दुभंगते त्या बेचक्यात वाढून तिला बिलगली होती. रक्तस्राव आटोक्यात राहिला, अर्धांगाचा धोका टळला. मात्र गाठीत गुंतलेली, आवाज आणि गिळणे सांभाळणारी व्हेगस नस वाचली नाही आणि उजवा स्वरतंतू लुळा पडला. काकड आरतीला ज्याचा पहिला सूर घाटापर्यंत पोचायचा, तो दादा आता कुजबुजतो.

आवाजाहून धास्ती पाण्याची आहे. साधे पाणी श्वासनलिकेत उतरते. दुसऱ्या आठवड्यात त्यातूनच न्यूमोनिया झाला. आता पाण्यात पावडर कालवून ते पेजेसारखे घट्ट करतो. हनुवटी छातीशी टेकवून, मान उजवीकडे वळवून तो एकेक घोट गिळतो, आणि तो खाली उतरेपर्यंत आई पदर मुठीत धरून उभी असते. भाकरीच्या पहिल्या घासाला कानाखाली अशी कळ येते की तो डोळे गच्च मिटून घेतो. तिसऱ्या घासापर्यंत ती ओसरते.

बापू, आवाज जाऊ शकतो हे डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितले होते. दादाला मी एवढेच म्हणालो, "थोडे दिवस घसा बसेल." तुझ्या अण्णांच्या वेळी मी असेच लपवले, म्हणून तू वर्षभर माझ्याशी बोलला नाहीस. तेव्हा मी तुझ्याशी भांडलो. तुझेच खरे होते.

डावीकडेही तशीच छोटी गाठ आहे. ती नुसती स्कॅनवर पाहत राहायची, कारण डावी नसही गेली तर श्वास अडून गळ्याला भोक पाडावे लागेल, आणि रक्तदाब सावरणाऱ्या दोन्हीकडच्या नसा निकामी झाल्या तर बीपी एकदम चढेल नाहीतर कोसळेल. दोन्हीकडे गाठी म्हणजे आनुवंशिक असू शकते, म्हणून मीही तपासणी करून घेणार आहे.

लुळ्या स्वरतंतूत इंजेक्शन देऊन तो मध्याकडे सरकवता येतो. त्याने ठसका कमी होईल, आवाजही थोडा सुधारेल. दादा नको म्हणतो. पाटीवर त्याने मला लिहून दाखवले, "तू सगळे सांगत नाहीस."

धाकटीचे ॲडमिशन झाले ना? वहिनींना नमस्कार. दिवाळीची वाट पाहू नकोस, पुढच्या शनिवारी ये. डॉक्टरांचे सगळे कागद काढून ठेवतो. तू वाच आणि एकही ओळ न गाळता दादाला सांग. तुझे तो ऐकेल.

तुझा,
नाना